अधिकार खाली दिले म्हणजे नेमकं काय दिलं?

जिल्हा परिषदेच्या शाळेचं छत गळायला लागलं, तर ते दुरुस्त करायचं की नाही हे कोण ठरवतं? गावात विचारा, बरेचजण सरपंचाचं नाव घेतील. सरपंच म्हणेल, इमारत जिल्हा परिषदेची, मी हात लावला तर उद्या लेखापरीक्षणात आक्षेप निघेल. मुख्याध्यापक म्हणतील, मी प्रस्ताव कधीच पाठवलाय. पंचायत समितीचे सदस्य म्हणतील, आमच्याकडे निधीच नाही. आणि जिल्हा परिषदेत चौकशी केलीत तर कळेल की प्रस्ताव यादीत आहे, जिल्हा नियोजनकडून पैसे आले की बघू.

यातलं कुणीच खोटं बोलत नाही. प्रत्येकाच्या हातात त्या कामाचा एकेक तुकडा आहे आणि अख्खं काम कुणाच्याच हातात नाही. सत्तेचं विकेंद्रीकरण, स्थानिक स्वराज्य, अधिकारांचं हस्तांतरण हे शब्द आपण निवडणुकीच्या भाषणांत आणि शासन निर्णयांत ऐकतो, वाचतो. हे सगळे शब्द शेवटी या एका प्रश्नापाशी येऊन थांबतात, की वरच्या संस्थेकडून खालच्या संस्थेकडे नेमकं काय जायला हवं, आणि प्रत्यक्षात काय जातं. महाराष्ट्रात जिल्हा परिषद, पंचायत समिती आणि ग्रामपंचायत अशी तीन मजली रचना आहे. तिच्याकडे बघत हा प्रश्न उलगडू.

आधी त्या छताच्या कागदाचा प्रवास पाहू. सुरुवात शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावानं होते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. म्हणजे ज्यांची मुलं त्या छताखाली बसतात तेच पहिला शब्द टाकतात. इथवर उत्तम. मग ठराव केंद्रप्रमुखांमार्फत पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे आणि तिथून जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाकडे जातो. बांधकाम उपविभागाचे अभियंता येऊन पाहणी करतात, अंदाजपत्रक तयार करतात. त्याला तांत्रिक मान्यता लागते, मग प्रशासकीय मान्यता, म्हणजे काम करायला आणि त्यावरच्या खर्चाला होकार. खोली दुरुस्तीच्या पलीकडे गेली असेल तर आधी निर्लेखनाचा वेगळा प्रस्ताव, म्हणजे ही खोली वापरातून बाद झाली, पाडायला हरकत नाही, असा दाखला. पैसा कुठून येणार? जिल्हा वार्षिक योजनेतून, समग्र शिक्षा या शालेय शिक्षणाच्या केंद्र पुरस्कृत योजनेतून, नाहीतर जिल्हा परिषदेच्या स्वतःच्या उत्पन्नातून, ज्याला सगळे नुसतं ‘सेस’ म्हणतात. पुढे कार्यारंभ आदेश, काम, मोजमाप पुस्तिकेत नोंद, देयक. तोवर एखादा पावसाळा निघून गेलेला असतो आणि पहिली-दुसरीचा वर्ग समाजमंदिरात भरत असतो.

या सगळ्या साखळीत गावाला मागणी करता येते, पाठपुरावा करता येतो. ठरवता येत नाही. तालुक्यालाही ठरवता येत नाही, तो कागद पुढे ढकलतो. माझ्या मते आपल्या पंचायत राजचं खरं दुखणं या तालुक्याच्या पायरीवर आहे. त्याविषयी पुढे सविस्तर लिहितोच.

चार गोष्टी, एकत्र

अधिकार खाली दिले असं म्हणायचं तर चार गोष्टी एकत्र जाव्या लागतात. पहिली, काम: अमुक विषय आता तुमचा. दुसरी, पैसा: त्या कामाला पुरेल इतका, आणि दरवर्षी वेळेवर. तिसरी, माणसं: काम करणारे कर्मचारी तुमच्या हाताखाली. आणि चौथी, जिच्याविषयी सगळ्यात कमी बोललं जातं ती, शेवटचा शब्द: तुम्ही ठरवलं की ते ठरलं, पुन्हा वरून सही आणायची नाही.

सरकारी पातळीवर चर्चा होते ती बहुधा पहिल्या तिघांची. पण चौथी गोष्ट नसेल तर बाकीच्या तिन्हींचा उपयोग थोडाच. सुनेकडे स्वयंपाकघर सोपवायचं आणि कोठीची किल्ली मात्र आपल्याच कमरेला ठेवायची, हा प्रकार ज्यांनी घरात पाहिलाय त्यांना शासन निर्णयांची भाषा वेगळी समजावून सांगायला नको.

उलटही घडतं. काम आणि जबाबदारी खाली जाते, पैसा आणि माणसं वरच राहतात. याला विकेंद्रीकरण म्हणणं चूक आहे. हा बोजा ढकलण्याचा प्रकार झाला, कारण काम बिघडलं की लोकांचा राग खालच्या संस्थेवर निघतो आणि वरचे हात झटकून मोकळे होतात.

महाराष्ट्रानं जिल्हा का निवडला

जिल्हा आणि तालुका यांच्यातली ही ओढाताण जुनी आहे. लॉर्ड रिपनच्या १८८२ च्या ठरावानंतर मुंबई इलाख्यात १८८४ च्या कायद्यानं जिल्हा लोकल बोर्ड आणि तालुका लोकल बोर्ड अशा दोन संस्था आल्या. आपल्या आजोबा-पणजोबांच्या तोंडी ‘लोकल बोर्डाची शाळा’ असायची, ती याच बोर्डाची. पुढे तालुका बोर्डं बंद झाली आणि जिल्हा बोर्ड टिकलं. तेव्हापासूनच आपल्याकडे पारडं जिल्ह्याकडे झुकलेलं आहे.

स्वातंत्र्यानंतर बळवंतराय मेहता समितीनं १९५७ साली शिफारस केली की खरी सत्ता विकास गटाच्या पातळीवर, म्हणजे पंचायत समितीकडे असावी. जिल्हा परिषदेनं फक्त सल्ला द्यावा, देखरेख करावी. राजस्थानसारख्या राज्यांनी ही वाट धरली. महाराष्ट्रानं धरली नाही. वसंतराव नाईक तेव्हा महसूलमंत्री होते. त्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं १९६१ साली सांगितलं की मुख्य संस्था जिल्ह्याचीच असली पाहिजे. तांत्रिक अधिकारी, पैसा आणि जाणतं नेतृत्व हे तिन्ही एकत्र मिळतील ते जिल्हा पातळीवर, तालुक्यात नाही, असा त्यामागचा विचार होता. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री होते. १९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिती कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या.

हा निर्णय त्या काळासाठी बरोबर होता असं मला वाटतं. १९६२ मध्ये तालुक्याला किती अभियंते होते? रस्ते नव्हते, तिथे टेलिफोन कुठून असणार? जिल्हा परिषदांनी पुढच्या दोन-तीन दशकांत प्राथमिक शाळा वाडीवस्तीपर्यंत नेल्या, प्राथमिक आरोग्य केंद्रं उभी केली, पाझर तलाव, पशुवैद्यकीय दवाखाने, ग्रामीण रस्ते केले. राज्याचं राजकीय नेतृत्वही इथूनच घडलं. आर. आर. पाटील सांगली जिल्हा परिषदेचे सदस्य होते, विलासराव देशमुख बाभळगावचे सरपंच होते. महाराष्ट्राच्या जिल्हा परिषदा देशात नावाजल्या गेल्या ते उगाच नाही.

पण त्या वेळच्या निवडीची किंमत पंचायत समितीनं मोजली. आपल्या कायद्यात पंचायत समिती हा जिल्हा परिषदेचाच तालुक्यातला हात आहे. तिची स्वतःची घरपट्टी नाही, पाणीपट्टी नाही. तिथले गटविकास अधिकारी, विस्तार अधिकारी, लिपिक यांपैकी कुणीही तिचं स्वतःचं नाही. ते राज्य शासनाचे नाहीतर जिल्हा परिषदेचे. ग्रामपंचायतीला निदान गावात कर बसवता येतो, ग्रामसभा असते. जिल्हा परिषदेला नाव आहे, विषय समित्या आहेत, अंदाजपत्रक आहे. मधल्या पंचायत समितीला सभापती आहे, मासिक सभा आहे आणि हातात फारसं काही नाही.

घटनादुरुस्तीनं काय सक्तीचं केलं आणि काय सोडून दिलं

७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी लागू झाली. दर पाच वर्षांनी निवडणूक, अनुसूचित जाती-जमाती आणि महिलांसाठी राखीव जागा, राज्य निवडणूक आयोग, राज्य वित्त आयोग या गोष्टी तिनं प्रत्येक राज्यावर बंधनकारक केल्या. महिलांसाठी घटनेनं किमान एक तृतीयांश जागा सांगितल्या होत्या, महाराष्ट्रानं पुढे २०११ मध्ये त्या निम्म्या केल्या. अकरावी अनुसूची जोडली गेली आणि तिच्यात शेतीपासून प्राथमिक शिक्षणापर्यंत, पिण्याच्या पाण्यापासून ग्रामीण घरबांधणीपर्यंत २९ विषय आले.

आता मेख इथे आहे. निवडणुका सक्तीच्या झाल्या, पण त्या २९ विषयांपैकी कोणते, किती आणि कोणत्या पायरीला द्यायचे हे कलम २४३ छ नं राज्यांच्या विधिमंडळांवर सोडलं. संस्था उभी करणं बंधनकारक आणि तिच्या हातात काही देणं ऐच्छिक, अशी ही रचना झाली. त्यामुळे आज देशभर निवडून आलेले लाखो पंचायत सदस्य आहेत आणि त्यांच्या हातात काय आहे याचं उत्तर राज्यागणिक बदलतं.

गोव्याचंच बघा. वीस लाखांपेक्षा कमी लोकसंख्येच्या राज्याला मधली पायरी ठेवण्याची सक्ती घटनेत नाही. म्हणून गोव्यात तालुका पंचायत नाहीच. १९१ ग्रामपंचायती आणि उत्तर-दक्षिण अशा दोन जिल्हा पंचायती. तिथे बांधकामाचे परवाने देणारी ग्रामपंचायत दणकट आणि जिल्हा पंचायत नावापुरती, म्हणजे आपल्या अगदी उलट चित्र आहे.

पैसा थेट गावात गेला तेव्हा

अलीकडच्या काळात महाराष्ट्रानं, किंबहुना सगळ्या देशानं, एक मोठा प्रयोग अनुभवला. त्याची चर्चा गावाबाहेर फारशी झाली नाही याचं मला आश्चर्य वाटतं.

चौदाव्या केंद्रीय वित्त आयोगानं २०१५ ते २०२० या पाच वर्षांसाठी ग्रामीण भागाला जे सुमारे २ लाख कोटी रुपये दिले, ते सगळेच्या सगळे ग्रामपंचायतींना. पंचायत समितीला आणि जिल्हा परिषदेला त्यातला एक रुपयाही नाही. पैसा थेट ग्रामपंचायतीच्या खात्यात यायला लागला. ज्या सरपंचाला गटारीच्या कामासाठी जिल्हा परिषद सदस्याच्या मागे फिरावं लागायचं, त्याच्या हातात पहिल्यांदा स्वतःचा निधी आला. ‘आमचं गाव, आमचा विकास’ म्हणून ग्रामपंचायतीनं स्वतःचा आराखडा करायचा आणि ग्रामसभेत मंजूर करून घ्यायचा, ही पद्धत याच काळात रुजली. काही गावांनी या पैशाचं सोनं केलं. काही गावांत आराखडा तालुक्याच्या गावी कुणाच्या तरी संगणकावर बसून एका रात्रीत तयार झाला आणि ग्रामसभेच्या इतिवृत्तावर नंतर सह्या घेतल्या गेल्या. दोन्ही खरं आहे.

या व्यवस्थेत पंचायत समितीचे सदस्य मात्र अगदीच रिकामे झाले. गणातून, म्हणजे पंचायत समितीच्या मतदारसंघातून, निवडून यायचं, लोक कामं सांगणार, आणि सांगायला उत्तर नाही. म्हणून पंधराव्या वित्त आयोगानं २०२० पासून पुन्हा तिन्ही पायऱ्यांना वाटा दिला. महाराष्ट्रात ८० टक्के ग्रामपंचायतीला, १० टक्के पंचायत समितीला आणि १० टक्के जिल्हा परिषदेला, असं ठरलं.

पण या पैशाला एक दोरी होती. २०२१ पासूनच्या अनुदानात ६० टक्के रक्कम बंधित, म्हणजे फक्त पिण्याचं पाणी आणि स्वच्छता यांवरच खर्च करायची. उरलेली ४० टक्के अबंधित. पाणी-स्वच्छतेचं महत्त्व कुणी नाकारत नाही. पण ज्या गावात नळयोजना आधीच व्यवस्थित चालू आहे आणि अंगणवाडीला भिंत नाही, त्या गावानंही निम्म्याहून जास्त पैसा पाणी-स्वच्छतेवरच लावायचा. पैसा खाली आला, निर्णय दिल्लीतच राहिला.

दुसरी अट अशी की अनुदान हवं तर संस्थेत निवडून आलेले सदस्य हवेत. २०२२ मध्ये मुदती संपल्या, इतर मागासवर्गाच्या आरक्षणाचा प्रश्न न्यायालयात अडकला, आणि महाराष्ट्रातल्या बहुतेक जिल्हा परिषदांवर आणि पंचायत समित्यांवर प्रशासक आले. मग त्यांचा तो दहा-दहा टक्क्यांचा वाटाही अडकला. लोकांनी निवडलेली माणसं वर्षानुवर्षं खुर्चीत नसताना विकेंद्रीकरणाची भाषणं चालूच होती, हे मला फार लागतं. अधिकाऱ्यांनी काम चांगलं केलं असेलही. तरी गावच्या बाईनं रस्त्यात अडवून जाब विचारावा असा माणूस त्या काळात जिल्हा परिषदेत नव्हता.

वरून खाली येताना वाट चुकते ती कुठे

पैशाची आणखी एक वाट आहे. जिल्हा नियोजन समिती ही घटनेतली संस्था. तिच्यात पाचातले चार सदस्य जिल्हा परिषद आणि नगरपालिकांच्या निवडून आलेल्या सदस्यांमधून यावेत असं घटना सांगते. खालून आराखडे येतील, त्यांचा मेळ जिल्ह्यात बसेल, अशी त्यामागची कल्पना होती. महाराष्ट्राच्या १९९८ च्या कायद्यात या समितीचे अध्यक्ष पालकमंत्री आहेत आणि सदस्य-सचिव जिल्हाधिकारी. प्रत्यक्षात कुठलं काम आधी घ्यायचं हे पालकमंत्र्यांच्या बैठकीत ठरतं. म्हणजे खालून वर येणारी नदी मध्येच वळवून राज्य सरकारच्या हातात दिली.

शिवाय आमदार निधी, खासदार निधी आणि ग्रामविकास खात्याचं ते प्रसिद्ध ‘पंचवीस-पंधरा’. २५१५ या लेखाशीर्षाखाली, म्हणजे अंदाजपत्रकातल्या खर्चाच्या खात्याखाली, गावांतर्गत रस्ते, सभामंडप, सिमेंट काँक्रीटचे चौक मंजूर होतात. शिफारस लोकप्रतिनिधींची. गावानं आराखड्यात काय लिहिलं होतं याच्याशी या कामाचा संबंध असेलच असं नाही. ज्या गावाचा आमदाराशी सलोखा त्या गावाला दोन रस्ते, शेजारच्या गावाला शून्य. याला मी अधिकारांचं हस्तांतरण म्हणणार नाही. हा मेहेरबानीचा कारभार आहे आणि त्यात गावच्या नेतृत्वाला मागणारा हात करून ठेवलं जातं.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण सगळी सत्ता खाली दिली की सगळं सुरळीत होतं असं मी म्हणत नाही. शिक्षकांच्या बदल्या पूर्वी जिल्हा परिषदेत व्हायच्या. त्या काळी दर उन्हाळ्यात काय चालायचं हे कुठल्याही गुरुजींना विचारा. सोयीची शाळा मिळवायला ओळख, वशिला आणि त्याहून वाईट प्रकार. २०१७-१८ नंतर बदल्या राज्याच्या ऑनलाइन प्रणालीतून, ठरलेल्या निकषांवर व्हायला लागल्या. जिल्हा परिषदेचा अधिकार गेला आणि शिक्षकांनी सुटकेचा श्वास घेतला. तक्रारी त्यातही आहेत, तरी हा अधिकार वर गेला म्हणून रडणारा शिक्षक मला भेटलेला नाही.

आकाराचाही प्रश्न आहे. महाराष्ट्रात ग्रामपंचायती जवळपास २८ हजार. २०११ च्या जनगणनेतली ग्रामीण लोकसंख्या ६ कोटी १६ लाखांच्या आसपास, म्हणजे सरासरी एका ग्रामपंचायतीत सव्वादोन हजारही माणसं नाहीत. इतक्या छोट्या संस्थेला पूर्ण वेळ अभियंता, लेखापाल कुठून देणार? २०२४ पासून ज्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणायला लागले त्या ग्रामसेवकांकडेच अनेकदा दोन-दोन गावांचा कार्यभार असतो. केरळात एकूण ग्रामपंचायती ९४१, आणि एकेका पंचायतीत पंचवीस-तीस हजार लोक. १९९६ मध्ये केरळनं लोकयोजना मोहीम सुरू केली तेव्हा राज्याच्या योजना खर्चातला ३५ ते ४० टक्के पैसा स्थानिक संस्थांना द्यायचं ठरवलं. त्याबरोबर प्राथमिक आरोग्य केंद्रं, कृषी भवनं, पशुवैद्यकीय दवाखाने, प्राथमिक शाळा ग्रामपंचायतींकडे सोपवल्या. पगार राज्यानं द्यायचा, काम पंचायतीनं करून घ्यायचं. काम, पैसा आणि माणसं एकदम खाली गेली म्हणून तो प्रयोग उभा राहिला. आणि पंचायत तेवढी मोठी होती म्हणून तिला तो भार पेलला.

इंग्लंडमध्ये तर सध्या उलटा प्रवास सुरू आहे. तिथल्या ग्रामीण भागात १९७४ पासून काउंटी कौन्सिल आणि तिच्या खाली डिस्ट्रिक्ट कौन्सिल अशी दोन मजली व्यवस्था आहे. शाळा, रस्ते, वृद्धांची काळजी काउंटीकडे. घरबांधणी, बांधकाम परवानगी, कचरा उचलणं डिस्ट्रिक्टकडे. कचरा उचलायचा एकानं आणि त्याची विल्हेवाट लावायची दुसऱ्यानं! कुठली तक्रार कुणाकडे न्यायची हे तिथल्या नागरिकालाही धड कळत नाही. मधल्या काळात काही काउंटींनी आपली कामं करारानं डिस्ट्रिक्टकडे सोपवून पाहिली, रस्त्यावरच्या पार्किंगची व्यवस्था हे त्याचं नेहमीचं उदाहरण. आता डिसेंबर २०२४ च्या श्वेतपत्रिकेत सरकारनं दोन्ही मजले मोडून साधारण ५ लाख किंवा त्याहून जास्त लोकसंख्येची एकच संस्था करायचं धोरण मांडलं आहे. नॉर्थ यॉर्कशायरमध्ये २०२३ सालीच सात डिस्ट्रिक्ट आणि एक काउंटी मिळून एक कौन्सिल झाली. खर्च वाचेल, गोंधळ संपेल, हा युक्तिवाद पटण्यासारखा आहे. पण आपल्या परगण्यातल्या घरांचा निर्णय आता पन्नास मैलांवर होणार, ही तिथल्या लोकांची खंतही पोकळ नाही.

मेंढा-लेखाचा बांबू

शेवटच्या शब्दाचं महत्त्व कळायला गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा हे गाव पुरेसं आहे. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा याच गावाची. वनहक्क कायदा २००६ चा. त्याखाली २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशातल्या पहिल्या काही गावांपैकी हे एक. कायद्यात बांबू गौण वनोपजात, म्हणजे इमारती लाकूड सोडून जंगलातून मिळणाऱ्या इतर उत्पन्नात, स्पष्ट लिहिलेला आहे. म्हणजे बांबू ग्रामसभेचा, तोडायचा आणि विकायचा हक्कही ग्रामसभेचा.

पण तोडलेला बांबू गावाबाहेर न्यायचा तर वाहतूक परवाना लागतो. तो द्यायचा वनखात्यानं, आणि वनखातं देईना. हक्काचा कागद गावाकडे, जंगल गावाकडे, गिऱ्हाईकही मिळालेलं, आणि ट्रक मात्र हलत नाही. अखेर एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले आणि परवान्यांचं पुस्तक त्यांनी ग्रामसभेच्या हाती दिलं. त्या दिवसापासून परवाना ग्रामसभा स्वतः द्यायला लागली, आणि बांबूचा पैसा ग्रामसभेच्या खात्यात यायला लागला. एका साध्या पावतीपुस्तकासाठी केंद्रीय मंत्र्याला गावात यावं लागलं. कायदा झाल्यावरही शेवटची सही आपल्याकडे ठेवण्याचा खात्यांचा हट्ट किती चिवट असतो, हे याच्याहून स्पष्ट मला दुसरीकडे दिसलेलं नाही.

पेसा, म्हणजे आदिवासीबहुल अनुसूचित क्षेत्रांतल्या पंचायतींच्या कायद्याखाली येणाऱ्या गावांना २०१५ पासून आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के अबंध निधी थेट मिळतो, तोही याच दिशेचा निर्णय. ‘अबंध’ या शब्दाला तिथे खरा अर्थ आहे. ज्या ग्रामसभा नियमित बसतात तिथे त्या निधीतून झालेली कामं वेगळी ओळखू येतात.

मग काय कुठे असावं

माझं मत असं की प्रत्येक काम त्याच्या मापाच्या पायरीला द्यावं. दिवाबत्ती, गटार, गावातला रस्ता, अंगणवाडीची देखभाल, सार्वजनिक विहीर: हे गावाचं, आणि त्यात वरून एकही सही नको. दोन-चार गावांतून जाणारा रस्ता, अनेक गावांची एकत्र पाणीयोजना, ग्रामीण रुग्णालयाशी जोडलेली आरोग्य केंद्रं: हे जिल्ह्याचं किंवा त्याहून वरचं.

शाळेच्या खोलीची दुरुस्ती जिल्ह्यानं ठरवावी इतकी मोठी नाही, आणि अभियंत्याशिवाय गावानं करावी इतकी साधीही नाही. आरोग्य उपकेंद्राचं छत, पशुवैद्यकीय दवाखान्याची भिंत, दोन गावांमधला छोटा पूल हे याच मापाचं. ही तालुक्याची कामं आहेत. १९६१ मध्ये तालुक्यात अभियंते नव्हते म्हणून सत्ता जिल्ह्याकडे ठेवली, ते ठीक. आज जिल्हा परिषदेचा बांधकाम उपविभाग तालुक्यालाच बसतो, उपअभियंता आणि शाखा अभियंता तिथेच असतात, गटशिक्षणाधिकारी आणि तालुका आरोग्य अधिकारी तिथेच असतात. माणसं तालुक्यात पोचली, सही जिल्ह्यातच राहिली. जिल्हा परिषदेनं ठराविक रकमेपर्यंतच्या दुरुस्तीचा वर्षाचा निधी एप्रिलमध्येच प्रत्येक पंचायत समितीकडे वर्ग करावा, प्रशासकीय मान्यता पंचायत समितीच्या सभेनं द्यावी, आणि जिल्हा परिषदेनं वर्षाअखेर तपासणी करावी. एवढं केलं तरी पंचायत समितीच्या मासिक सभेला अर्थ येईल.

यावर नेहमीचा आक्षेप येतो, की तालुक्याच्या राजकारणात ठेकेदार घुसतील. घुसतीलच. जिल्ह्यात ते नाहीत का? फरक इतकाच की तालुक्यातला ठेकेदार आणि त्याचं काम दोन्ही लोकांच्या नजरेसमोर असतं. खराब माल वापरलेली भिंत बघायला जिल्ह्याच्या ठिकाणाहून कुणी येत नाही, पण शाळेच्या फाटकाबाहेर रोज उभ्या राहणाऱ्या आयांना ती रोज दिसते. त्यांच्या हातात माहिती मात्र हवी. अंदाजपत्रक किती रकमेचं, ठेकेदार कोण, मुदत कधी संपते, हे फलकावर मराठीत लिहिलेलं हवं.

ग्रामपंचायतीपुरती ही माहिती आजही मिळते. ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर आपल्या ग्रामपंचायतीचा यंदाचा आराखडा आणि झालेला खर्च दोन्ही दिसतात, मोबाइलवरही. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर हे ग्रामसभेचे ठरलेले दिवस. गणपूर्तीला गावच्या मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० जण, यांतली कमी असेल ती संख्या पुरते. जाताना संकेतस्थळावरच्या आराखड्याची प्रत काढून न्या आणि इतिवृत्ताच्या वहीतल्या ठरावाशी ताडून पाहा. एखादं काम आराखड्यात नसताना झालं असेल तर ते कोणत्या लेखाशीर्षातून झालं, शिफारस कुणाची होती, हे विचारा आणि उत्तर त्याच वहीत नोंदवून घ्या. पंचायत समितीच्या गणात पुढच्या वेळी मत मागायला कुणी आलं, तर तालुक्याकडे कोणते अधिकार आणि किती निधी मागणार आहात, हे त्यांनाही विचारा.